पाइपाचं बुजवलेलं भोक

बाबा, आज डॉक्टरांच्या दवाखान्यातली टाकी साफ करून आले. खाऱ्या पाण्याच्या माशांची ती सहा फुटी टाकी, वसईतली, आपण दोघांनी बसवलेली. तुम्ही गेल्यानंतर तिचे तीन पंप बदलले, पण तुमच्या हातचा एकही जॉइंट उघडावा लागला नाही.

तेव्हा माझं दुकान नवं होतं. गोल्डफिशच्या भांड्यांपलीकडे काम मिळालं नव्हतं, आणि हे काम बिघडलं असतं तर पुढचं कुणी दिलंही नसतं. फुलपाड्यातल्या निम्म्या बिल्डिंगींचं प्लंबिंग तुमचं, म्हणून तुम्हाला सोबत नेलं. जाताना तुम्ही माझी चेष्टा करत होता, मिठागरांच्या वसईत ही पोरगी माशांच्या पाण्यासाठी मीठ पाकिटातून विकत आणते म्हणून. वर टाकी आणि खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, म्हणजे संप. वरचं पाणी संपमध्ये उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो, असं मी समजावलं. "म्हंजे बिल्डिंगच की," म्हणून तुम्ही कामाला लागलात. फरक एवढाच, की बिल्डिंगीत वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या वर असतं, इथे ते बुडालेलं असतं. वीज गेली की तोच पाइप उलटा ओढायला लागतो आणि टाकीतलं पाणी संपमध्ये ओततो. म्हणून पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर त्याला बारीकसं भोक ठेवायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. ते भोक मी दुकानातच पाडून आणलं होतं. बाकी सगळं तुम्हाला सांगितलं, तेवढंच राहिलं.

पाइप लावताना ते तुम्हाला दिसलं. गळती बंद करण्यात जन्म गेलेला माणूस. तुम्हाला वाटलं, पोरीचं ड्रिल घसरलं. डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर माझी शोभा नको म्हणून तुम्ही गुपचूप गळतीवर लावायचं सील मळलंत, भोक बुजवलंत आणि ती बाजू भिंतीकडे केलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोजच्यासारखी वीज गेली. संप भरून वाहायला लागला आणि खारं पाणी बाकड्यांखालून थेट पेशंटांच्या चपलांपर्यंत गेलं. डॉक्टरांचा फोन आला तशी मी तुम्हाला घेऊन धावले. मासे वीतभर पाण्यात कसेबसे तग धरून होते. बुजवलेलं भोक सापडलं आणि माझा तोल गेला. सगळ्या पेशंटांदेखत मी तुम्हाला म्हणाले, "मला न विचारता हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तुम्ही चिडला नाहीत. डॉक्टरांना म्हणालात, "चूक माजी हाय. पोरीचं काम बरोबर होतं." मग फडकं आणि बादली मागून घेऊन अख्खा दवाखाना तुम्ही एकट्याने पुसलात, आणि मी नवं भोक पाडत टाकीकडे तोंड करून उभी राहिले. माझं काम टिकलं, पुढची कामंही मिळाली. तुम्ही मात्र पुन्हा कधी सोबत आला नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचात. मीही फार आग्रह केला नाही, मला ते सोयीचंच होतं.

आज डॉक्टर नव्या नर्सला तोच किस्सा सांगत होते, हिच्या वडिलांनी आमच्याकडे समुद्र आणला होता म्हणून. मी हसले. दर वेळी हसते.

हे कागद दुकानाच्या ड्रॉवरमध्येच राहतील, म्हणून लिहिते. त्या पहिल्या संध्याकाळी टाकी भरून झाल्यावर तुम्ही हत्यारांची पिशवी उचलली नव्हतीत. "पंप बंद करून बघ एकदा," म्हणाला होतात, "पानी खाली किती येतं ते कळंल. मग जाऊ." तसं बघितल्याशिवाय तुम्ही कुठलंच काम सोडत नव्हता. पण डॉक्टर बघत होते, आणि बाप मला शिकवतोय असं मला दिसू द्यायचं नव्हतं. गरज नाही, मी म्हटलं, आणि तुमच्या आधी दाराबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी फडकं पिळताना तुम्ही हे बोलला नाहीत. आज मीही बोलले नाही.