वर यायला जागा

घोडपदेव, मुंबई
रविवार, १३ जुलै २०२५
दुपारी चार वाजून दहा मिनिटे

ती. शेवंती मावशीस,
जयवंतचा शि. सा. न. वि. वि.

आत्ताच गॅलरीत मुकादमाचा टब धुतला, हात पुसले आणि लिहायला बसलो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की सगळ्या मजल्याला कळते, म्हणून पत्रच बरे. मुकादम म्हणजे राजेशदादाचे कासव, हे तुला आठवत असेल. आणले तेव्हा बिस्किटाएवढे होते. मान लांब करून प्रत्येकाच्या कामाकडे बघते म्हणून दादाने हे नाव ठेवले. आता तो माझ्या पंजाहून मोठा झाला आहे आणि टब मात्र तोच, कपडे भिजवायचा निळा.

गेल्या आठवड्यापासून त्याचे डोळे सुजले आहेत. परळला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी पाठीवर अंगठा दाबून बघितला आणि कवच कडेला मऊ पडले आहे म्हणाल्या. हे पोहणारे कासव आहे आणि तुम्ही त्याला डबक्यातल्या म्हशीसारखे ठेवले आहे, असेही ऐकवले. त्याला पोहता येईल इतके खोल पाणी, अंग सुकवायला कोरडी जागा आणि ऊन पाहिजे. असाच राहिला तर दिवाळी बघणार नाही.

अडचण पाण्याचीच आहे. दोन वर्षांपूर्वी दादा आपला दीड दिवसाचा गणपती घेऊन चौपाटीच्या पाण्यात उतरला तो सापडलाच नाही. लाटेने पाट तेवढा परत आणून टाकला. तेव्हापासून आई घरात खोल पाणी ठेवू देत नाही. बादली अर्धीच भरायची. पिंपावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. मुकादमाच्या टबात दोन बोटे पाणी, तेही ती स्वतः बोट घालून बघते. आत्ताही ती टबापाशीच उभी आहे.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मुकादम दिवसभर नखांनी टब खरवडतो. बाबा रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असत, म्हणून दादा कामावरून आला की कडी वाजवायचा नाही, नखाने दार खरवडायचा. आवाज हुबेहूब तोच आहे. टबात खरखर झाली की आई उठते, दार उघडते, गॅलरीच्या टोकापर्यंत बघते आणि दार नुसते लोटते. कडी लावत नाही. काल भाकरी थापता थापता उठली. कडीला अजून पीठ आहे. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, पण ते झोपलेले नसतात.

मुकादमाला थर्माकोलची पेटी करू, सिमेंटची कुंडी आणू की काचेची टाकी, मला सुचत नाही. तू आईची मोठी बहीण आहेस. तू लिहिलेस तर ती ऐकेल.

माझ्यावर माया आहे ती तशीच ठेव आणि उत्तराला वेळ लावू नकोस.

तुझा
जयवंत


वरची वाडी, ता. कणकवली
२२ जुलै

चि. जयवंतास मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर इतकं नीट, की पोस्टमन मला विचारी, कोर्टाची नोटीस आली काय म्हणून. एखादा शब्द खोडत जा रे झिला, म्हणजे घरचं पत्र वाटेल.

मुकादमाचा एवढा घोर कशाला? आमच्या माहेरच्या विहिरीत कासव होतं. पाणी साफ राहतं म्हणून आजोबांनी सोडलेलं. तुझी आवस रखमा नि मी काठावर पालथ्या पडून त्याला भाताची शितं टाकायचो. रखमा तेव्हा भारी धीट. ती अर्धी आत लोंबायची नि मी तिचे पाय धरून रडायची. तीच आज बादलीला भिते हे वाचलं, तशी मी पत्र खाली ठेवलं नि चुलीपाशी जाऊन बसले.

माझं ऐक. मुकादमाला इकडे घेऊन ये, विहिरीत सोडू. पाणी थंड, खायला मुबलक, वर भाडं नाही. रखमालाही आण. गाडीत पुलापुलावर पाणी बघून डोळे मिटते तर मिटू दे, आम्ही काय तिला पूल दाखवायला बोलावत नाही.

दाराचं म्हणशील तर तिला अडवू नको. माझा दीर गेला तेव्हा सासूबाई वर्षभर एक ताट जास्त घेत. आम्ही सुना वाढताना त्या ताटाला वळसा घालून जायचो. कोणी ते ताट उचललं नाही.

पाकिटात पाचशेच्या दोन नोटा घडी करून ठेवल्यात. टपालात पैसे घालू नयेत, हे तू मला लिहिणारच, ते लिहू नको. हिशेब मात्र पाठव, त्याशिवाय तुला झोप यायची नाही.

सगळ्यांवर माझा जीव आहे हे तुला माहीत आहे, रखमाला ते वाचून दाखव.

शेवंती मावशी


घोडपदेव
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. शेवंती मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नोटा पोचल्या. तू सांगितले म्हणून काही लिहीत नाही.

विहिरीचे जमणार नाही. डॉक्टरबाईंना विचारले तर त्या रागावल्या. मुकादमाची जात परदेशातली आहे. असे कासव विहिरीत किंवा तळ्यात सोडले तर ते आपली बेडके, मासे सगळे फस्त करते. सोडायचे नाही, घरातच नीट ठेवायचे, असे त्यांनी बजावले.

थर्माकोलच्या पेटीचा कोपरा त्याने पहिल्याच दिवशी चावला, तोंडातून तुकडे काढावे लागले. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो म्हणून कुंडी नको. शेवटी दादरला एका घरी माशांची काचेची टाकी विकायची होती, ती घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अर्धी भरली तरी शंभर किलो होते. आपल्या चाळीच्या गॅलरीचे लाकूड जुने आहे, म्हणून ती आत भिंतीला धरून खिडकीखाली ठेवली. तीन रात्री मला तुळई मोडल्याची स्वप्ने पडली. तसे काही झाले नाही.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. टाकीकडे बघून एवढेच म्हणाली, की काचेतून सगळे दिसणार, आत कोण बुडते आहे तेही दिसणार. मी वीतभर पाणी भरून फणसवाडीला औषधांच्या दुकानात कामाला गेलो. रात्री आलो तर टाकी कोरडी, पुसलेली, आणि आत कांदे ठेवलेले. शेजारच्या गंगुबाई सगळ्यांना सांगत फिरतात, की जयवंतने कांद्यांना बंगला बांधला आणि मुकादम अजून झोपडपट्टीतच.

मी हसलो. पण मुकादमाने पाच दिवसांत काही खाल्लेले नाही. त्याचा डावा डोळा मिटलेलाच आहे. खरवडणे तेवढे चालू आहे, आता आणखी हळू. हळू झाल्यापासून ते जास्तच दादासारखे वाटते. थकून यायचा तेव्हा तो असाच खरवडायचा.

काल मी आईला समजावत होतो, की टब लहान आहे म्हणून तो बाहेर पडायला बघतो. ती म्हणाली, तुला काही कळत नाही. तो बाहेर पडायला बघत नाही, वर यायला बघतो. त्याला काठ लागत नाही. ती कोणाबद्दल बोलत होती ते मी विचारले नाही. मला विचारायची भीती वाटली.

मावशी, तो मेला तर या घरात तो आवाज बंद होईल. मग आई काय करील?

मी चुकत असेन तर कान धर, पण लिही.

तुझा
जयवंत


वरची वाडी
१३ ऑगस्ट

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कांद्यांच्या बंगल्याला हसले, मग पुढचं वाचून हसू गेलं.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. रखमा आठ वर्षांची असताना त्याच विहिरीत पडली. मी पाय धरले होते, ते हातातून सुटले. आमच्याकडे विहीर बांधताना आतल्या अंगाला एक रुंद दगड मुद्दाम पुढे काढून ठेवतात, पडलेल्याला टेकायला मिळावं म्हणून. कासव त्याच दगडावर ऊन खात बसायचं. आजोबांनी दोर सोडेपर्यंत रखमा त्या दगडाला धरून राहिली. वर आली तेव्हा दात वाजत होते, तरी सांगत काय होती, तर कासव जरा सरकलं नि त्याने मला जागा दिली. आम्ही तिला त्यावरून कितीतरी वर्षं चिडवलं.

तुझ्या त्या डॉक्टरीणबाईने कोरडी जागा सांगितली होती ना? तू आपला पाणी किती, वजन किती, हेच धरून बसलास. तुझ्या आवशीशी पाण्याचं बोलूच नको. दगड कुठे ठेवू, एवढंच विचार.

यंदाही तुमच्याकडे गणपती नाही, हे कळलं. इथल्या गणपतीपुढे तुमचंही गाऱ्हाणं घालीन.

मला उलट उत्तर दिलंस तरी चालेल, पण उत्तर दे.

शेवंती मावशी


घोडपदेव
गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५
दुपारी तीन वाजून वीस मिनिटे

ती. शेवंती मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज दीड दिवसाचे विसर्जन. खाली ढोल वाजत आहेत. मी टाकीसमोर बसून लिहितो आहे.

तू सांगितल्याप्रमाणे आईला दगडाचे विचारले. कसला दगड, म्हणाली. विहिरीतला, म्हणालो. ती बराच वेळ कांदे निवडत राहिली. मग म्हणाली, की मावशीच्या पोटात काही राहत नाही. आणि मग म्हणाली, दगड नको. दगड आहे तिथेच राहतो आणि पाणी चढते. पाण्याबरोबर वर येईल असे काहीतरी पाहिजे.

तिने कपाटामागून चादरीत गुंडाळलेला पाट काढला. तोच पाट. बाबांनी वाळूतून उचलून आणल्यापासून तो कोणी सोडून बघितला नव्हता. विसर्जनानंतर पाटावर किनाऱ्याची चिमूटभर वाळू आणतात, तशी याच्या सांध्यात वाळू होती. ती कोणी घातलेली नव्हती. आईने बोटाने एक एक कण काढून कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरला.

पाटाच्या लाल रंगाने मुकादमाला अपाय होईल हे मला सांगायचे होते, पण तीच म्हणाली की रंग काढावा लागेल. दोन दिवस ती काचेच्या तुकड्याने रंग तासत होती. दुसऱ्या दिवशी बाबा उठले, तिच्यासमोर बसले आणि दुसऱ्या बाजूने तासायला लागले. साधे लाकूड चालते, बुळबुळीत झाले की बदला, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. आई बदलू देईल असे वाटत नाही.

पाणी तिनेच भरले, बादलीने नाही, तांब्याने. मधूनमधून हात घालून बघत होती. मनगट बुडाले, मग कोपर बुडाले, तरी थांबली नाही. पाण्याबरोबर पाट वर वर येत गेला. तो तरंगायला लागला तेव्हा बाबा गॅलरीत निघून गेले.

दोन दिवस मुकादम पाटाखालीच लपला. तिसऱ्या दिवशी त्याने पुढचे पाय वर टाकले, पाट कलला आणि तो मागे पडला. आईचा हात पाण्यावर गेला होता, तो तिने मागे घेतला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. मग चढला. उन्हाऐवजी लावलेल्या दिव्याखाली मागचे पाय लांब ताणून, मान वर करून बसला. दोन्ही डोळे उघडे होते. काल त्याने मासे खाल्ले. आईने त्याला, बस आता इथेच, असे काहीतरी सांगितले. मला नीट ऐकू आले नाही.

आता खरवडण्याचा आवाज येत नाही. आज जेवण झाल्यावर आईने दाराला कडी लावली आणि आडवी झाली. खाली एवढे ढोल असताना तिला झोप लागली. दोन वर्षांत दुपारी ती कधी झोपली नव्हती.

मी मात्र कान देऊन बसलो होतो. मुकादम पाटावर स्वस्थ होता. थोड्या वेळाने मी उठलो, कडी काढली आणि दार उघडले. गॅलरीत कोणी नव्हते. जिन्यावर कोणाच्या तरी ओल्या पायांचे ठसे आणि गुलाल होता. वरच्या मजल्यावरचे कोणी विसर्जन करून आले असेल. मी दार लोटून घेतले आहे. कडी अजून लावलेली नाही. पत्र पुरे झाले की लावीन.

पाट असा वापरण्यात काही चुकले असेल तर मला लिही, आईला लिहू नकोस. तुझ्या मायेची आम्हाला अजून गरज आहे.

तुझा
जयवंत

ता. क. तू मागितलेला हिशेब:
टाकी १८००, दिवा ७००, पाणी गाळायचे यंत्र ५५०, टेंपो ३००, डॉक्टर १५०. एकूण ३५०० रुपये.
त्यांत तुझे १०००, माझे १०००, दुकानातून उचल १५००. म्हणजे दुकानाचे १५०० आणि तुझे १००० देणे आहे.
पाट घरचाच होता. त्याचे काही लावलेले नाही.