माझ्या हद्दीतले निरोगी रूळ

३ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. पोट कमी करणे. बायकोशी वाद न घालणे. माझ्या हद्दीत एकही रूळ तुटू न देणे. पहिले दोन दरवर्षी मोडतात. तिसरा मोडला तर माणसं मरतात, म्हणून तो पाळतो.

लोकांना वाटतं रूळ म्हणजे लोखंड. चूक! रूळ बोलतो. माझं यंत्र छोट्या ढकलगाडीवर बसवलेलं आहे, ते रुळात आवाज सोडतं. आत चीर असली की तो आपटून परत येतो आणि माझ्या हेडफोनमध्ये बारीक शीळ वाजते. पडद्यावर रेघही उठते, पण पडदा नवशिक्यांसाठी. मी त्यावर टोपी टाकतो. खरा जाणकार ऐकतो.

११ जानेवारी
सबंध हद्द फिरलो. एकही शीळ नाही. पूर्वी जोडांवरच्या बोल्टच्या भोकांपाशीसुद्धा वाजायची, आता तिथेही शांत. साहेबांना सांगितलं, रूळ सुधारताहेत. साहेबांनी पाठ थोपटली. त्यांचा आवाज खर्जातला, शब्द न् शब्द कळतो. अधिकारी असावा तर असा.

१९ जानेवारी
घरी कटकट. बायकोचं म्हणणं, कपडे धुऊन झाले, मशीन केव्हाचं कोकलतंय, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय. मशीन मुकं होतं, मी साक्षीला होतो. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. मग स्वयंपाकघरातून ती काहीतरी म्हणाली. मी बरं म्हणालो. बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, बरं काय बरं? चहा घेणार की कॉफी, असं विचारलं मी!
हल्ली बायका पुटपुटतात. समाजाने विचार करावा असा विषय आहे. स्टेशनवर नव्या मास्तरीणबाई आल्यात, त्याही पुटपुटतात. माझी गाडी ढकलणारा मदतनीसही तसाच, म्हणून त्याचं नाव मी पुटपुट्या ठेवलंय. तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण खूश नसावा.

२ फेब्रुवारी
खात्याची कान तपासणी. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बोट वर करायचं. मी बटण दाबणाऱ्याच्या खांद्यावर नजर ठेवली. खांदा हलला की बोट वर. पास! लक्ष देणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

९ फेब्रुवारी
धक्कादायक. कोठारात रुळाचा एक तुकडा ठेवलेला असतो, त्यात मुद्दाम भोक पाडलेलं. त्यावर यंत्र ठेवलं की शीळ वाजलीच पाहिजे, म्हणजे यंत्र ठीक. आज ठेवलं. शांतता. तुकडा बिघडला. भोकाची प्रतसुद्धा हल्ली घसरली आहे. नवा मागवला.

२१ फेब्रुवारी
मालगाडीचा ड्रायव्हर भेटला. दांडगा गडी, घोगरा आवाज. म्हणाला, काका, खाणीजवळच्या वळणावर चाकाखाली ठक्क होतं, बघा एकदा. जाऊन पाहिलं. दोनदा. हेडफोनमध्ये स्मशानशांतता. चुकीचा शब्द लिहिला. नीरव शांतता. त्याला म्हटलं, बाबा रे, झोप पुरी घेत जा. तो हसला नाही.

४ मार्च
नवा तुकडा आला. तोही वाजत नाही! यंत्रच वर्कशॉपला पाठवलं. निर्दोष म्हणून परत आलं. वर्कशॉपवाले बहिरे आहेत काय? या देशात एकट्याने कुठे कुठे लक्ष द्यायचं?

१४ मार्च
मुलगी आली आहे. उद्या दुपारच्या गाडीने आईला घेऊन जाणार, नवं घर दाखवायला. आज कोठारात डबा घेऊन आली. गंमत म्हणून हेडफोन घातला आणि तुकड्यावर ठेवलेलं यंत्र हलवलं. लगेच ओरबाडून काढला. म्हणे, बाबा, कान फाटला माझा, केवढ्यांदा किंचाळतंय! मी घालून पाहिला. काही नाही. मोठ्या शहरात राहून कान नाजूक होतात. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग आईशी पुटपुटत होती.

१५ मार्च, सकाळ
मी कोठाराकडे निघताना बायको काहीतरी म्हणाली. बरं म्हणालो. ती थांबली, पुन्हा म्हणाली, मोठ्याने. यंत्रावरची टोपी काढून बघाल का एकदा, एवढंच. आजवर माझ्या टोपीत तिने कधी नाक खुपसलं नव्हतं.

१५ मार्च, दुपार
रविवार. कोठारात मी एकटा. पुटपुट्या सुटीवर. टोपी काढली.
तुकड्यावर यंत्र ठेवलं. पडद्यावर रेघ उठली ती थेट वरच्या कडेला भिडली. लाल दिवा लागला. हेडफोन कानाला घट्ट दाबला. काही नाही. यंत्र उचललं, दिवा गेला. ठेवलं, लागला. पुन्हा. पुन्हा.
खाणीचं वळण.

त्यानंतर
स्टेशनला फोन केला. ओरडलो, दुपारची गाडी रोखा, खाणीजवळचा रूळ तपासायचाय, माझ्या जबाबदारीवर रोखा. फोनवर मास्तरीणबाई होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. मी पुन्हा ओरडलो. त्या पुन्हा म्हणाल्या. थांबवली म्हणाल्या, की सुटली म्हणाल्या, की कोण बोलतंय म्हणाल्या? विचारायला हवं होतं.
मी बरं म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.
परत लावला, उचलला की नाही कळेना. मुलीला आणि बायकोला मोबाइलवर मेसेज टाकलेत. वाचल्याची खूण नाही. स्टेशन धावत गाठण्यासारखं नाही, पोटाचा संकल्प पाळला असता तरी.
आता टेबलाशी बसलोय. मोबाइल समोर. डावा तळहात खात्याच्या फोनवर दाबून धरलाय. वाजला तर हाताला कळेल.