कात्री हातात धरून पाहिलेलं स्वप्न

प्रिय वन्संना,

वहिनीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). तुमचा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला बरा असेल. त्यांची तब्येत मी मुद्दामच विचारतेय, कारण पुढे कळेल.

आमच्या पिशव्यांच्या दुकानाची मालकीण तुम्हाला ठाऊक आहेच. तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून आम्ही तिला टाचणीबाई म्हणतो. तिने मला बजावलं, शनिवारपर्यंत नवीन नमुना दिला नाहीस तर नमुन्याचं टेबल नव्या मुलीला, आणि तू बटणं लावायला बस. अकरा वर्षं त्या टेबलावर बसलेय हो मी. डोकं मात्र रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं.

लेकीने उपाय सांगितला. रोज पाव तास हातात चमचा धरून नुसतं बसायचं, मन जाईल तिकडे जाऊ द्यायचं. डुलकी लागून चमचा पडला की दचकून उठायचं आणि डोक्यात असेल ते लिहून काढायचं. (गावच्या शाळेत खिडकीबाहेर बघत बसते म्हणून गुरुजी मला ओणवं उभं करायचे. आता त्याचीच शिकवणी.)

पहिल्या दिवशी लिहिलं, 'दूध उतू गेलं.' ते खरंच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमचे दादा आले. पायरीवर बसून सगळे खिसे उलटेपालटे करून चष्मा शोधत होते. गेल्यावरही सवय सुटली नाही माणसाची. मी सांगणार की तो कपाळावर आहे, तेवढ्यात चमचा पडला.

तिसऱ्या दिवशी चमचा खरकटा होता, म्हणून मी कात्री धरली. दादा परत आले. म्हणाले, "अगं, न शोधता सापडेल असा एक खिसा शिवून दे की." मी लगेच कापायला घेतला. कात्री काही पडली नाही वन्सं, चालली. जागी झाले तर मांडीवर कापलेला चौकोन, छान तिरका.

तोच पिशवीवर बाहेरून लावला, हात जाईल तसा तिरकाच. टाचणीबाईने त्यात चष्मा टाकला, न बघता काढला, पुन्हा टाकला. मग तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "बस तुझ्या टेबलावर." एवढंच. दादांना चष्मा सापडला का, ते विचारायचं राहिलं. परत काही आले नाहीत.

तुमची,
वहिनी

ता. क. यजमानांचा कोट बाह्या आखूड करायला माझ्याकडे दिला होता ना, त्या बाह्या झकास झाल्यात. कोट या पत्रासोबतच पाठवलाय.

ता. क. दुसरं. पाठीत खिडकी आहे. खोकला बरा होईपर्यंत त्यांना दाखवू नका.

ता. क. शेवटचं. टाचणीबाईने त्याच कापडाचे आणखी दोन नमुने मागितलेत. कोटावरची पँट इस्त्रीला द्यायची म्हणून काढून घ्या आणि पाठवा.