धुरपताबाई, मु. पो. किल्लारी

३ नोव्हेंबर, सोमवार

एकसुद्धा न्हाई! विद्यापीठाच्या लायब्ररीत झाडू मारायला लागून सहा वर्षं झाली, पुस्तकं हुडकायच्या कंप्यूटरला कधी हात लावला न्हाई. आज लावला. आईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा— पत्रावर घालतात तसं सगळं घातलं. शून्य!

तिथल्या तनुजा मॅडम हसल्या. "मावशी, इतकं घातल्यावर काय घावणार? शब्द कमी करा. आधी ते नाव काढा. इथं लिहिणाऱ्याचं नाव असतं, दुसऱ्या कुणाचं नसतं."

आईला हुडकायला आईचंच नाव खोडायचं. वा रे शिकलेले!

४ नोव्हेंबर

मॅडमनी विचारलं, नेमकं पाहिजे काय. सांगून टाकलं. भूकंपानंतर इथली, नांदेडची एक बाई किल्लारीला आली होती, पीएचडी करायली होती. टेप घेऊन पत्र्याच्या शेडात आईजवळ तीन दिवस बसली. मला बाहेर घालवलं. आई काय बोलली ते मला पाहिजे. पोळ्यापासून आईची वाचा गेलीय, आता तिला विचारून उपयोग न्हाई.

एवढंच सांगितलं. पुढचं कुणाला सांगणार!

धक्के बसायचे म्हणून आम्ही अंगणातच झोपायचो. त्या रात्री धम्मा लई खोकत होता. माझा भाऊ, आठ वर्षांचा. मी बारा. झोपमोड झाली म्हणून लाथ घातली— "जा, आत मर तिकडं!" गेला. पहाटे घर बसलं.

मीच रडत रडत सगळ्यांना सांगितलं. मग सरजा आत्या चारचौघात म्हणायची, "भावाला ह्या पोरीनं आत धाडलं." आई तिथंच बसलेली असायची. हो म्हणायची न्हाई, नाही म्हणायची न्हाई.

त्या बाईला तरी माझ्याबद्दल काय बोलली?

६ नोव्हेंबर

नुसतं 'भूकंप' घातलं. ३१२! माती, खडक, सिमेंट— सगळं इंजिनेर लोकांचं. 'स्त्रिया' जोडलं— पन्नास. फक्त मराठी, फक्त प्रबंध— चौदा. साल १९९३ घातलं— परत शून्य. डोकं आपटावंसं वाटलं.

७ नोव्हेंबर

"अहो मावशी, ऐकलं त्याच वर्षी कुणी लिहून देतं का? साल जरा सैल सोडा," मॅडम म्हणल्या. २००३ पर्यंत सोडलं. सहा आले. सहा!

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रबंध घरी नेता येत न्हाई. जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसते. पाचवीत शाळा सुटलेली, बोट ठेवून वाचावं लागतं. पहिल्यात नुसते तक्ते. दुसऱ्यात सगळी आसपासच्या गावांची माणसं, किल्लारीचं कुणीच न्हाई.

मुकादम शरणप्पा दारातून वरडला, "मावशे, परफेसर व्हायलीस का?"

"व्हायले की! आजचा झाडू तूच मार."

तंबाखू मळत गेला.

१२ नोव्हेंबर

तिसरा न्हाई. चौथा न्हाई. वाटायलं, नसलेलाच बरा.

१३ नोव्हेंबर

पाचवा. शेवटी नावांची यादी. त्यात आई— धुरपताबाई, वय ३६, किल्लारी.

पान २१२. वाचलं. परत वाचलं. पोछा तसाच बादलीत राहिला.

१६ नोव्हेंबर, रविवार. किल्लारी

त्या पानावर आईचं बोलणं जसंच्या तसं हाय. "पोरगं मधीच उठून बाहेर आलं, माझ्या कुशीत निजलं. वारं गार होतं. मीच उचलून परत आत नेऊन टाकलं. पोरीला वाटतं तिनंच धाडलं. मी तिला हे बोलले न्हाई, बाई. बोलवंना."

आज आईला पेज भरवताना कानाशी म्हणलं, "धम्मा बाहेर आला होता."

तिनं चमचा दातात धरला. सोडेना.

मीबी वढला न्हाई.