पाठराखीण

अप्पा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही, आणि आजही मायेपोटी लिहीत नाही.

तुमच्या नातीला, जी तुम्ही पाहिलीच नाहीत, शाळेत रेफेराट द्यायचा आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं. विषय आहे अमेरिकेतला, गुलामगिरी संपण्याआधीचा एक कापूसमळेवाला आणि त्याचं कुटुंब. आज रविवार. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गमधली दुकानं बंद, नवरा कारखान्याच्या कामावर. मी पोळ्या लाटतेय आणि ती टेबलावर कागद पसरून मला वाचून दाखवतेय. पांढऱ्या खांबांचं मोठं घर, दोन लग्नं, नऊ मुलं, चर्चमध्ये पहिला बाक. मळ्यातल्या गुलामांना तो ‘माझं कुटुंब’ म्हणायचा. मला हसू आलं. तुम्ही आठवलात.

‘‘आपलीच माणसं आहेत ती,’’ असं तुम्हीही पडवीत बसून आल्या-गेल्याला सांगायचात. त्या आपल्या माणसांना चहा करवंटीत, अंगणाच्या कडेला उकिडवं बसून. चांगल्या आंब्यांच्या पेट्या मुंबईला जायच्या आणि डागी आंबे तुम्ही गड्यांना स्वतःच्या हाताने वाटायचात, म्हणजे वरून त्यांच्या पदरात टाकायचात. नऊ वर्षांची असताना मी एका म्हातारीला चांगला आंबा दिला, तर सगळ्यांदेखत म्हणालात, ‘‘काय बाईसाहेब, बाग लुटायला काढलीत का?’’ गडी हसले. ती म्हातारीही हसली, आणि आंबा परत ठेवून गेली. तुम्ही गेल्यावर लोक तुम्हाला देवमाणूस म्हणाले. देवमाणूस व्हायला फार कष्ट पडत नाहीत, अप्पा. समोरच्याला तोंड उघडायची सोय नसली की झालं.

‘‘आई, हे ऐक,’’ लेक म्हणाली. ‘‘प्रत्येक मुलीला लग्नात त्याने एकेक गुलाम मुलगी दिली. टेबल-खुर्ची देतात तशी.’’

‘‘हं.’’

‘‘बाबा तुला चिडवतो ना, माहेराहून दासी घेऊन आलीस म्हणून? कोण होती ती?’’

मी तिला पाठराखीण म्हणजे काय ते सांगितलं. नवी नवरी सासरी बुजू नये म्हणून माहेरची एक मुलगी तिच्याबरोबर जाते, चार दिवस राहते, परत येते. माझ्याबरोबर आपल्या एका गड्याची मुलगी आली. वय पंधरा, तुमच्या नातीहून एका वर्षाने मोठी.

‘‘मग चार दिवसांनी गेली?’’

‘‘चार वर्षांनी.’’

तिने पेन खाली ठेवलं. ‘‘आणि तिचे आई-वडील?’’

‘‘आजोबांपुढे कोण बोलणार?’’

‘‘गेनाऊ,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘अगदी तेच. हे मी वर्गात सांगू? माझे आजोबा पण असेच होते, असं?’’

‘‘सांग,’’ मी म्हटलं. तव्यावरची पोळी जळली होती.

ती लिहायला लागली आणि मी आतल्या खोलीत येऊन हे लिहायला बसले. तुमच्याबद्दल जे लिहिलं त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. पण लग्नानंतर आठवड्याने तुमची चिठ्ठी घेऊन माणूस पुण्याला, माझ्या सासरी आला होता. ‘मुलीस याच्याबरोबर परत पाठवणे. तिचा बाप रोज पडवीपाशी येऊन बसतो.’ एवढंच होतं. ती मुलगी आपलं बोचकं बांधून दाराशी उभीही होती. सासूबाईंच्या घरात पहाटेचं पाणी, धुणं, भांडी माझ्या वाट्याला होती, आणि आठ दिवसांत ते सगळं तिच्या अंगावर गेलं होतं. मी तुमच्या माणसाला म्हटलं, ‘‘अप्पांना सांगा, मला इथे करमत नाही, राहू दे तिला.’’ तुम्ही पुन्हा चिठ्ठी पाठवली नाहीत. लेकीचं मन मोडवलं नाही तुम्हाला.

रेफेराट मंगळवारी आहे. तिने कागदावर तुमचं नाव लिहून त्याखाली रेघ ओढलेली मी मघाशी पाहिली. मध्ये उद्याचा अख्खा दिवस आहे, तरी मी तिला काही सांगेन असं मला वाटत नाही.