हनुवटी थरथरली की पडदा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर वाकेल तेवढं वाकून नमस्कार. (सध्या ती चांगलीच वाकते, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? थांबला असला तरी औषध चालू ठेवा म्हणावं, कारण जरा बरं वाटलं की ते पहिल्यांदा बाटली फेकतात. आम्ही इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात भुंगी माझ्याशी बोलत नाही. एकाच टेबलावर जेवते, मीठ हवं असलं तर उठून माझ्या पुढ्यातून उचलते, पण "बाबा, मीठ दे" म्हणत नाही. आणि याला जबाबदार तू आहेस.

रागावू नकोस, सविस्तर सांगतो. तो गाण्यांचा महोत्सव दरवर्षी भरतो ना, सगळ्या आशियातून पॉप गाणारी मंडळी येतात तो, त्याला यंदा मैदान मिळालं नाही. म्हणून तो आमच्या नाट्यगृहात आला. आमचं नाट्यगृह तुला ठाऊकच आहे. खुर्च्या कुरकुरतात, दिवे मर्जीने लागतात, आणि दर्शनी पडदा अजून दोरीचा आहे, जी दोरी धरण्यात माझी हयात गेली. भुंगी महोत्सवाच्या स्टेज मॅनेजरच्या हाताखाली लागली होती. महोत्सव संपला की त्यांचा ताफा वर्षभर देशोदेशी फिरणार आणि हाताखालच्यांपैकी एकीलाच बरोबर नेणार. त्यासाठी पोरीने जिवाचं रान केलं. तिने जावं असं मलाही वाटत होतं. (म्हणजे, बापाला वाटतं तेवढं.)

मंडळी मात्र एकेक नमुना. कोरियाहून आलेली नऊ पोरं इतकी सज्जन, की विंगेतून जाता-येता प्रत्येक जण मला कमरेत वाकून नमस्कार करायचा. आता समोरचा वाकला असताना आपण ताठ उभं राहावं, हे काही आपल्याला जमायचं नाही. मीही वाकलो. म्हातारा आपल्यापेक्षा जास्त वाकला असं वाटून ती आणखी वाकली. बरं, दर गाण्याला ती कपडे बदलायला आत यायची. शेवटी मी पडद्याच्या दोरीला धरूनच सरळ होत होतो. मंगोलियाचा एक भला माणूस कोपऱ्यात बसून घशातून चमत्कारिक आवाज काढत होता. मी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. त्याने बिचाऱ्याने ते निमूट पिऊन टाकलं. (ती त्यांची गायकी आहे, असं भुंगी म्हणाली. असेल. मिठाच्या पाण्याने कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.)

मग थायलंडची गायिका आली. पोरगी केवढीशी आणि आवाज केवढा! शेवटचं गाणं ऐन रंगात आलं आणि ही बया एकदम गप्प. वाद्यंही गप्प. ती आपली समोर बघतेय, हॉल श्वास रोखून बसलाय, मी विंगेत दोरी धरून उभा. आणि तिची हनुवटी थरथरली.

ताई, आता खरं सांग, हनुवटी थरथरली की पडदा, हा नियम कुणाचा? शाळेची संमेलनं तू बसवायचीस तेव्हा तूच मला बजावलं होतंस. पोर वाक्य विसरलं तर थांबायचं, त्याला आठवू द्यायचं, पण हनुवटी हलली की पुढे रडंच येतं आणि ते चारचौघांनी बघता कामा नये. पडदा पाडायचा, घोटभर पाणी, पाठीवर थाप, पुन्हा पहिल्यापासून. भुंगी पहिलीत ससा झाली होती तेव्हा तिलाही मी असंच सावरलं होतं. तर सांगायचं काय, डोक्याने काही ठरवलंच नाही, हाताने दोरी सोडली.

पडदा खाली आला. मी धावत जाऊन पोरीला पाणी दिलं, पाठीवर थाप मारली आणि "घाबरायचं नाही बाळ, पुन्हा पहिल्यापासून" असं आपल्याच भाषेत सांगितलं. ती पेला धरून माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. स्टेज मॅनेजर किंचाळत धावत येईपर्यंत मी पडदा वर घेतलासुद्धा. ती पेला हातात घेऊन हसत उभी, आणि काय सांगू, खरंच पहिल्यापासून गायली! असा जल्लोष झाला की छताची धूळ माझ्या टकलावर पडली. मला वाटलं, आता शाल-बिल मिळते की काय. कसली शाल! भुंगीला आयोजकांच्या खोलीत बोलावणं आलं. जाता जाता तिने एवढंच विचारलं, "बाबा, मुद्दाम केलंस ना? मी जाऊ नये म्हणून?" तेव्हापासून अबोला आहे. मला फार लागलं गं. तेव्हा कृपा करून तिला फोन कर आणि सांग, तुझा बाप मूर्ख असेल, पण लबाड नाही.

भावोजींना नमस्कार, आणि बाटलीवर लक्ष ठेव.

तुझा,
विंगेतला भाऊ

ता.क. पत्र सदऱ्याच्या खिशातच राहिलं ते बरं झालं. भुंगी बोलली. बोलली म्हणजे, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ती गायिका दर शहरात त्याच ओळीला तशीच गप्प होते. हनुवटीसुद्धा तिथेच थरथरते. सगळं बसवलेलं! मी तिला सावरलं वगैरे जे वर लिहिलंय, ते वाचू नकोस.

आणखी एक ता.क. गायिकेनेच आयोजकांना कळवलं, की पडदा, पाणी आणि पाठीवरची थाप आता दर शहरात हवी. कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा आपली भुंगी पापणीही न हलवता म्हणाली, माझी. ताफ्याबरोबर दोरीचा पडदा जाणार आणि तो पाडायला तीच जाणार. हात बसला असं मी सांगितलं की निघायचं.

शेवटचं, आणि खरं काम हे. काल दुपारी तिने पहिल्यांदा दोरी धरली. पडदा असा अलगद उतरवला, की मला आजवर तो कधी तसा जमला नाही. मी म्हटलं, छे, कच्चं आहे, अजून दोनतीन महिने तरी लागतील. तिला संशय आलाय. आत्याला दाखवते म्हणाली. तेव्हा तू लगोलग निघ, विंगेत खुर्ची टाकून बस, आणि तोंड वाकडं करून सांग की हात अजून बसलेला नाही. तुझं ती ऐकते. पडदा मी मुद्दाम पाडला नव्हता, ताई. हे मात्र मुद्दाम करतोय. फक्त विंगेत बसलीस की माझ्या हनुवटीकडे बघू नकोस.