पाटापासून पेटीपर्यंत

प्रिय बाबा,

तुझ्या स्पीकरच्या पेट्या वाजल्या. हे ऐकायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कोणाला सांगावं तर तो 'बरं झालं' म्हणून आपल्या कामाला लागेल. म्हणून गावच्या घराच्या ओटीवर बसून हे लिहितोय. आई आत पडली आहे. तिची झोप होईपर्यंत मला वेळ आहे. दमलोय रे मी. उठून तांब्याभर पाणी घ्यावं एवढंही अंगात उरलेलं नाही.

मानसीची हळद चार दिवसांवर आली. हो, तुझी नात बोहल्यावर चढतेय! डीजे ठरलाय, डीजेशिवाय आजकाल उरणात हळद होते का? पण तिने अट घातली. डीजे सुरू व्हायच्या आधी तासभर आजीचे धवले, ती जुनी लग्नाची गाणी, आणि तेही आजोबांच्या पेट्यांवर. मी 'हो' म्हणून मोकळा झालो. 'हो' म्हणायला काय जातं? गेले तीन आठवडे काय जातं ते बघतोय.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "गाईन मी. पन माईक नको. बिना माईकचा गाईन." आता तिचा आवाज किती राहिलाय, तुला काय सांगू. समोरच्या पाटावरच्या नवरीला ऐकू गेला तरी पुष्कळ. मला वाटलं, वय झालं, हट्टीपणा आला. तुझी सून सुरेखा म्हणाली, त्या दिवशी बघू, आत्ता पेट्यांचं बघा.

पेट्यांचं काय बघणार! अरे, मांडवात प्रत्येक पेटीखाली चार विटा ठेवल्याशिवाय तू पुढे सरकायचा नाहीस. 'जमिनीवर ठेवली की ओल धरते' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आणि लाऊडस्पीकरचा धंदा बंद केल्यावर त्याच पेट्या मागच्या पडवीत नुसत्या जमिनीवर टेकवून ठेवल्यास? एकीचा तळ वाळवीने खाल्लेला. दुसरीच्या पडद्यामागे उंदरांनी घर केलं होतं, स्पीकरचा कागदी कोन अर्धा कुरतडलेला. खाऱ्या हवेने स्क्रू असे गंजले होते की ड्रिलने काढावे लागले. एवढा जीव होता ना तुझा त्यांच्यावर?

असू दे. आता भांडून काय उपयोग.

टेम्पोत घालून त्या सानपाड्याच्या फ्लॅटवर नेल्या, कारण माझी हत्यारं तिकडे. तळोज्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचं, चहा घ्यायचा आणि बाल्कनीत बसून सागवान घासायचं. सुरेखाने आठवडाभर कपडे बेडरूममध्ये वाळत घातले आणि त्याबद्दल रोज एकदा तरी बोलली. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, भुसा खालच्या मजल्यावर उडतो म्हणून. दुसऱ्या वेळी त्यांनी पेटीवर हात फिरवून पाहिला आणि ही कुठली, असं विचारलं. सांगितलं, पनवेलचं तंबू थिएटर मोडलं तेव्हा वडिलांनी घेतली. मग तेच तिथे अर्धा तास उभे राहून त्यांच्या गावच्या तंबूतल्या सिनेमाचं सांगत बसले. भुशाचं टेन्शन मिटलं, पण माझा अर्धा तास गेला.

जुने कोन बदलून देणारे आता राहिले नाहीत. मुंबईत एक म्हातारबाबा सापडले. तुझ्या स्पीकरचं चुंबक बघून म्हणाले, असं आता येत नाही, सांभाळा. दोन फेऱ्या झाल्या त्यांच्याकडे. गुडघे माझे तुझ्यावर गेलेत, हे तिथले जिने चढताना कळलं.

परवा सगळं जोडायला घेतलं. बंद करण्याआधी दोन्ही स्पीकर सेलवर तपासले. तूच शिकवलं होतंस, आठवतं? टॉर्चचा सेल वायरीच्या टोकांना टेकवायचा. लाल टोक प्लसला लावलं की कोन पुढे सरकला पाहिजे. दोन्ही पेट्यांचे कोन एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे, असे चालले तर आवाज भरतो. पहिल्या पेटीचा पुढे आला. दुसरीचा आत गेला.

आत! पेटीच्या आतली जोडणीच उलटी होती. लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या, आणि दोन्हींवर घट्ट दोरा गुंडाळलेला.

बाबा, मी हसलो. म्हटलं, आमच्या बाबाने पुन्हा तेच करून ठेवलंय! कारण ही चूक मी एकदा काढली होती. तुलाही आठवत असेलच.

एकोणीस वर्षांचा होतो. आयटीआयचं सर्टिफिकेट नुकतंच हातात आलेलं. दिवसभर मिठागरावर आणि संध्याकाळी मांडवात राबणारा तू, भेटेल त्याला सांगत होतास, 'आता वायरिंगचं पोरगा बघेल.' थोरल्या आत्याकडे हळद होती. दुपारी मी सहज पेटी उघडली, उलटी वायर बघितली आणि भर मांडवात, पाहुण्यांसमोर, तुला म्हणालो, "इतकी वर्षं उलटी वायर लावून वाजवत होतास?" लोक हसले. तूही हसलास. मी वायर सरळ केली. तू नुसता बघत राहिलास.

संध्याकाळी आई पाटावर बसली. तेव्हा आपल्या बाजूच्या चार गावांत तिच्यासारखी धवलारीण नव्हती. नवरीला हळद लावण्यापासून लग्न लागेपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालायचं. तिने पहिली ओळ उचलली आणि पेट्या किंचाळल्या. कानात सळई घातल्यासारखी शिट्टी! बायकांनी कान झाकले, पोरं रडायला लागली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा शिट्टी. तीनदा झालं. गाताना आईची मान डोलायची, माईकच्या जवळ यायची, लांब जायची. मला दुसरं काही सुचेना. सगळ्या बायकांच्या देखत मी तिच्यावर ओरडलो, "आई, मान हलवू नकोस! तुझ्यामुळेच होतंय हे सगळं."

ती एकदम दगडासारखी बसली. मान हलवायची नाही म्हटल्यावर तिला गाताच येईना. शब्द विसरली. आई आणि शब्द विसरली! शेवटी तू येऊन मशीन बंद केलंस. "जाव दे," एवढंच म्हणालास. बायकांनी बिनमाईकचं गाणं कसंबसं उरकलं आणि आत्याच्या पोरांनी कॅसेट लावली.

त्यानंतर ती माईकवर कधी बसली नाही. दुसऱ्या बायकांना पुढे करायची. मी थोड्याच दिवसांत तळोज्याला लागलो आणि पेट्यांना पुन्हा हात लावला नाही. ती का गात नाही, हा प्रश्न मला पडला नाही. खोटं कशाला बोलू? एकदाही पडला नाही.

तर परवा मी पुन्हा तेच केलं. दोरा कापला, वायर सरळ जोडली, पेटी बंद केली. तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढलेला माणूस! प्लस ते प्लस, मायनस ते मायनस, यात विचार कसला करायचा?

आज सकाळी पेट्या इथे आणल्या. अंगणात दोन बाजूंना ठेवल्या, विटांवर. नवा अॅम्प्लिफायर जोडला, कारण तुझं मशीन कधीच भंगारात गेलं. मधे आईचा पाट मांडला, ती नको म्हणाली होती तरी समोर माईक लावला, आवाज थोडा चढवला.

तीच शिट्टी, बाबा! त्या दिवसाची तीच. आई ओटीवर गहू निवडत बसली होती. आता तिला धड ऐकू येत नाही, पण ही तिला ऐकू गेली. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि आत निघून गेली. मान हलवणारं तिथे कोणी नव्हतं. पाटावर कोणीच नव्हतं.

मी माईक बंद केला.

मग पडवीत गेलो. पेट्या काढताना त्यांच्यामागे एक दोरी पडली होती, ती मी कचऱ्याच्या पोत्यात घातली होती. मधोमध लाल चिंधी बांधलेली, दोन्ही टोकांना गाठी. तुझी दोरी. प्रत्येक मांडवात चिंधी आईच्या पाटावर धरायला लावायचास आणि एकेक टोक एकेका पेटीपर्यंत ताणायचास. वीतभर जरी कमी-जास्त झालं तरी पेटी सरकवायचास. आम्ही पोरं खिदळायचो, बाबा पेट्यांचं लग्न लावतोय म्हणून. तुझं एक खूळ, असंच सगळे समजायचे. मीसुद्धा.

पोतं उपसून दोरी काढली. पाटावर चिंधी ठेवून टोकं ताणली. पेट्या सारख्या अंतरावर आणल्या. मग त्या दुसऱ्या पेटीची वायर बाहेरूनच उलटी करून जोडली आणि माईक सुरू केला.

शिट्टी नाही. आवाज आणखी चढवला, तरी नाही. मी 'हॅलो' म्हटलं तर कुंपणापलीकडे बांधलेली म्हैस दचकली, आणि मी बसलो होतो त्या पाटावर पेट्यांचा आवाज जेमतेम! एक पेटी ढकलते तेव्हाच दुसरी ओढते. बरोबर मधे, जिथे दोन्हींचं अंतर सारखं, तिथे दोघी एकमेकींना गिळतात. माईकपर्यंत आवाज परत येतच नाही, मग शिट्टी कुठून होणार? बाजूला बसलेल्यांना आपापल्या जवळची पेटी छान ऐकू येते. आवाज थोडा पोकळ लागतो, पण आपल्याकडे धवला ऐकताना आवाजाचा पोत बघतं कोण!

हे तुला कोणी शिकवलं? की मांडवामागून मांडव करत तूच शोधलंस? तुझ्या बायकोला मान न हलवता गाता येत नव्हतं, मान लांब गेली की आवाज चढवावा लागायचा, म्हणून तू पेटीची वायर फिरवलीस. तिला 'हलू नकोस' म्हणाला नाहीस. आणि ते शहाणपण मी पाच मिनिटांत सरळ करून टाकलं, वर तुलाच हसलो.

पण बाबा, तू का बोलला नाहीस? हे मात्र मला सहन होत नाही. चारचौघांत पोराची फजिती नको, हे समजलं. दुसऱ्या दिवशी बोलायचंस! वायर पुन्हा उलटी करून, दोरा गुंडाळून ठेवलास, म्हणजे तुला पक्कं ठाऊक होतं. मला कानाखाली वाजवून सांगायचं होतंस. माझं राहू दे, तिला तरी सांगायचंस की तुझी चूक नव्हती. माझी अब्रू राखायला तू तिचं गाणं जाऊ दिलंस. की तू तिला सांगितलंस आणि तिला वाटलं, नवरा समजूत काढतोय? तुझं ते 'जाव दे' फार जणांना फार महाग पडलं रे. आणि तुला दोष देतोय तो कोण, तर मी!

तासाभरापूर्वी आत गेलो. आई खाटेवर बसली होती. जवळ बसून सांगायला लागलो, तर तिला ऐकू येईना. परत सांगितलं. मग मोठ्याने. शेवटी ओरडूनच सांगावं लागलं, "आई, त्या दिवशी शिट्टी माझ्यामुळे झाली. मी वायर बदलली होती. तुझी चूक नव्हती." सगळ्या आळीला ऐकू गेलं असणार. बरंच झालं. दोष दिला होता तोही मांडवभर ऐकू जाईल असाच दिला होता.

मला वाटलं ती रागावेल, रडेल, तुझ्या नावाने काहीतरी बोलेल. मी सगळ्याला तयार होतो.

"म्हंजे माज्या मानेनी नाय झाला?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

तिने पदराने हात पुसले, निवडलेल्या गव्हाची धूळ लागली होती. मग अगदी हळू, शाळेतल्या पोरीने बाईंना विचारावं तसं म्हणाली, "मंग आता हलवली तरी चालल?"

बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली ती. एवढंच विचारायचं होतं तिला. मी नुसता तिचा हात धरून बसलो. मग ती आडवी झाली आणि मी इथे ओटीवर आलो.

आता उन्हं उतरायला लागली आहेत. आत खाट करकरली, उठली वाटतं. चहा टाकायला हवा.

हळदीच्या दिवशी डीजेवाली पोरं येतील, आपली मशीनं लावतील, उलटी वायर बघून हसतील. हसू देत. तुझी दोरी मी स्वतः ताणेन, चिंधी आईच्या पाटावर धरायला मानसीला सांगेन. वायर उलटी का, हे कोणी विचारलं तर 'जाव दे' म्हणणार नाही, सगळं सांगेन, कोणी चूक केली ते सुद्धा. आणि आई जेवढी मान हलवेल तेवढी हलवू देईन. हा माझा शब्द.

तुझा,
दिनेश